रोज दोन बोटं

कोरडा बर्फ पाण्यात टाकला की पांढरा धूर लोळत बाहेर येतो आणि बघणारी माणसं टाळ्या पिटतात. मी आयुष्यभर त्यांना सांगत आले, की बाबांनो, तो धूर म्हणजे हवेतली वाफ, गारठून दिसायला लागलेली. तो बिचारा कुणाचं काही करत नाही. करणारा वेगळाच असतो आणि तो दिसत नाही. पण ऐकतंय कोण? लोकांना धूर हवा असतो.

तेवीस वर्षं मी या कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. बाहेरच्या उंच टाकीत कार्बन डायऑक्साइड दाबून द्रव करून ठेवलेला असतो. तो नळीतून मोकळा सोडला की क्षणात गारठतो, त्यातल्या काही भागाचा भुगा होतो, आणि तो भुगा प्रेसमध्ये दाबला की कोरड्या बर्फाची पांढरीशुभ्र वीट तयार. उणे अठ्ठ्याहत्तर अंश. उघड्या हातानं धरली तर कातडी सोलून निघते. औषधांच्या पेट्यांत, मासळीच्या पेट्यांत, कुठेकुठे जाते ती. साधा बर्फ वितळला की मागे पाणी उरतं. ही वीट मागे थेंबही ठेवत नाही, तिचा सगळ्याचा सगळा वायू होतो. आणि तो वायू हवेपेक्षा दीडपट जड. खड्डा दिसला, तळघर दिसलं की तिथे जाऊन पाण्यासारखा साचून बसतो. रंग नाही, वास नाही. फार तर जिभेवर सोड्यासारखी आंबट चव येते, आणि ती कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो.

म्हणून आमच्याकडे मेणबत्ती. पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती पेटवायची, डबा साखळीला अडकवायचा आणि विटांच्या पेट्या ठेवायच्या तळघरात खाली सोडायचा. ज्योत जिथे विझते तिथे वायूची पातळी. माझ्याकडे चांगलं मीटर आहे, तेही मी वापरते, पण मीटर नुसता आकडा दाखवतं, आणि मेणबत्ती पातळी बोटानं दाखवावी तशी दाखवते. नवे लोक हसतात. हसू देत. या कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत एकही माणूस मेला नाही, हे हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

तळघराचे आमचे तीन नियम. मेणबत्ती सोडल्याशिवाय उतरायचं नाही. वर एक माणूस उभा असल्याशिवाय उतरायचं नाही. आणि तिसरा, कुठल्याही पुस्तकात नसलेला, माझ्या आधीच्या लोकांपासून चालत आलेला: पातळी गुडघ्यापर्यंत असेल तर उतरायला हरकत नाही, पण वाकायचं नाही. खाली काही पडलं तर पडू द्यायचं. गुडघ्याच्या वर आपली हवा, गुडघ्याच्या खाली त्याची. तो नियम मी केव्हाच मोडीत काढायला हवा होता. काढला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

या वर्षी मालकांनी वरच्या अंगाला नवी थंड खोली बांधली आणि तळघर रिकामं केलं. नऊ पायऱ्या, चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, चारी बाजूंनी काँक्रीट. पेट्या गेल्या, पंखा काढला, नळीसुद्धा कापून तिचं तोंड बंद केलं. आत काही म्हणजे काही नव्हतं. तरी मी आठवड्यातून एकदा मेणबत्ती सोडायची. प्रेसवाले काका म्हणायचे, "बाई, रिकाम्या भांड्यात पळी कशाला फिरवताय?"

हे काका आमच्याकडचे सगळ्यात जुने. प्रेसच्या आवाजानं एका कानानं कमी ऐकतात, आणि त्याचा फायदा घेऊन नको ते ऐकतच नाहीत.

आठ दिवसांनी पाहिलं तर ज्योत दुसऱ्या पायरीपाशी विझली. खालून दुसऱ्या. मी म्हटलं, जुना साचलेला असेल. ब्लोअर लावून तासभर तळघर उपसून काढलं. मेणबत्ती पार जमिनीला टेकली आणि मजेत जळत राहिली. मीटर शून्य. माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी ज्योत जमिनीच्या दोन बोटं वर विझली. तिसऱ्या दिवशी चार बोटं. चौथ्या दिवशी सहा.

गळती म्हणावी तर नळी कापलेली. टाकीचे सगळे जोड मी साबणाच्या पाण्यानं तपासले, एक बुडबुडा नाही. गटाराकडून काही कुजून वायू येत असेल म्हणून जमीन पाहिली, ठणठणीत कोरडी, भेग नाही. आणि गळती अशी घड्याळ लावून होत नाही. ती कधी जास्त, कधी कमी. हे रोज दोन बोटं, म्हणजे मोजपट्टीनं चार सेंटीमीटर आणि वर एखादी रेघ. रविवारीसुद्धा.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेऊन बसले. चार मीटर गुणिले तीन मीटर गुणिले चार सेंटीमीटर आणि ती वरची रेघ. पाचशे लिटर वायू, जरासा जास्तच. म्हणजे वजनानं दिवसाला किलोभर.

किलोभर हा आकडा मला पाठ आहे. दर वर्षी नव्या कामगारांना मी तो सांगते. एक मोठं माणूस दिवसभर श्वास सोडून जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, तो साधारण किलोभर.

मी कागद चुरगाळला. श्वासातला वायू असा वेगळा होऊन खाली साचत नाही, तो गरम असतो, हवेत मिसळून जातो, हे मला कळतं. आणि त्या वायूत कुणी श्वास घेत बसू शकत नाही, हेही कळतं. 

माझा धाकटा भाऊ शेजारीच डबा खात होता, पलीकडे काका. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा जेमतेम चालायला लागला होता, तेव्हापासून तो माझ्याच अंगाखांद्यावर. घरात आम्ही दोघंच. नळजोडणीचं काम शिकल्यावर मीच त्याला इथे चिकटवलं. त्यानं तो चुरगाळलेला कागद उलगडून पाहिला आणि खो खो हसायला लागला.

"ताई, खाली भाडेकरू ठेवलायस का?"

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"बरं, सोमवारी मी उतरतो. त्या कापलेल्या नळीच्या तोंडाला साबण लावून बघतो. झाकण चेपलं असेल. तुझी उगाच झोप उडायला नको."

नळीचं तोंड छातीच्या उंचीवर होतं. वाकायचं काम नव्हतं. मी हो म्हटलं. तोंडातून गेलेला तो 'हो' मी रोज आठवते.

सोमवारी सकाळी ज्योत बरोबर गुडघ्याला विझली. तो गमबूट घालून, साबणाची बाटली घेऊन उतरला. मी वर दारात. बाहेर लख्ख ऊन होतं, ते पायऱ्यांवरून थेट खालच्या जमिनीपर्यंत पडलं होतं. धूर नाही, धुकं नाही, सगळं स्वच्छ दिसत होतं. तो नळीपाशी गेला, बाटली वर केली, आणि थांबला.

मान खाली घालून डाव्या कोपऱ्याकडे बघायला लागला.

"काय झालं रे?"

एखादं लहान मूल पायाशी येऊन काही सांगायला लागलं की आपण कसे वाकतो, तसा तो हळूच वाकला, आणि मग गुडघे मोडून उकिडवा बसला.

मी किंचाळले. काका मुखवटा आणि हवेचं नळकांडं आणायला पळाले. नियम असा, की मुखवट्याशिवाय मागून दुसऱ्यानं उतरायचं नाही, कारण एकाला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. हा नियम मीच शिकवलेला. मी कठडा धरून नुसती ओरडत राहिले. तो माझ्याकडे पाठ करून स्वस्थ बसला होता, अजिबात न हलता.

काका नळकांडं घेऊन आले, तेवढ्यात तो उठला. गुडघे झटकले. पायऱ्या चढून वर आला. ना खोकला, ना धाप, ना डोळे लाल. त्यानंतर काकांनी घड्याळ दाखवलं. चार मिनिटं होऊन गेली होती.

मी त्याच्या मुस्काटात द्यायला हात उचलला आणि त्याला मिठीच मारली. "मेल्या, वाकलास कशाला?"

"लेस सुटली होती," तो म्हणाला.

काकांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. गमबुटांना लेस नसते.

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब तपासला, सगळं छान म्हणाले. घरी आला, जेवला, वर्तमानपत्र वाचलं. मी स्वतःची समजूत घातली, की माणूस घाबरला की तोंडाला येईल ते बोलतो. मालकांना कळलं, त्यांनी मला फैलावर घेतलं, ते बरोबरच होतं. त्यांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तळघरात भराव टाकून ते कायमचं बंद करायचं. त्याआधी आत कुणी नाही, काही नाही, असं तपासून मी सही द्यायची.

मंगळवारी सकाळी मी मेणबत्ती सोडली.

चार बोटं वाढली होती.

बुधवारी पुन्हा चार. मी तीनदा मोजलं. काका शेजारी उभे होते.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता दोघं आहेत का?"

"काका, तुम्हीसुद्धा?"

"हिशोब तुमचा आहे. मी फक्त ऐकला."

या वेळी त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. ब्लोअर लावून सगळं उपसून टाकावं असं एकदा मनात आलं. हात बटणाकडे गेला आणि माझा धीर होईना. कशाची भीती वाटली ते मला सांगता येणार नाही. वायूबरोबर खालचं आणखी काही उपसलं जाईल, असं वाटलं.

गुरुवारी आम्ही नव्या थंड खोलीत पेट्या लावत होतो. आत एवढा गारठा, की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघते. काका बोलले की वाफ, मी खेकसले की वाफ. धाकटा मधोमध उभा राहून पेट्या मोजत होता, मोठ्यानं. एक, दोन, तीन. ओठ हलत होते, छाती वरखाली होत होती. तोंडापुढे काहीच नव्हतं. बारा, तेरा, चौदा. काही नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि काम अर्धवट टाकून बाहेर निघून गेले.

संध्याकाळी घरी मी चुन्याची निवळी केली. शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग आहे. चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी ग्लासात घ्यायचं. त्यात नळीनं फुंकलं की आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळतो आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. लहान मुलाचं होतं, म्हाताऱ्याचं होतं, आजाऱ्याचं होतं. जिवंत माणसाचं होतंच. मी दोन ग्लास भरले. मी कशाची परीक्षा घेतेय हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि पाणी ओतताना थोडं टेबलावर सांडलं.

"नव्या लोकांना दाखवायचंय," मी म्हटलं. "जरा फुंक यात."

मी माझ्या ग्लासात फुंकलं. पाच-सहा फुंकांत पाणी पांढरं झालं. त्यानं त्याच्या ग्लासात फुंकलं. बुडबुडे आले, भरपूर आले, खळखळ आवाज झाला. तो मिनिटभर फुंकत होता. पाणी नितळ. ग्लासाच्या पलीकडचा वर्तमानपत्राचा मथळा मला अक्षर न् अक्षर वाचता येत होता. हवा आत जात होती आणि जशीच्या तशी बाहेर येत होती.

त्यानं नळी बाजूला ठेवली. आधी माझा ग्लास पाहिला, मग स्वतःचा. मला वाटलं, आता हसेल, काहीतरी चावटपणा करेल. माझा भाऊ असता तर केलाच असता.

"थोडा वेळ दे, ताई," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "जमेल मला."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बाहेरून पुन्हा खळखळ ऐकू यायला लागली. तो फुंकत होता.

शुक्रवारी सकाळी मी काकांना म्हटलं, मी उतरतेय.

"कशाला?"

"तो खाली आहे."

काका मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी निमूटपणे मुखवटा माझ्या तोंडावर चढवला, पट्टे आवळले, नळकांड्यावरचा काटा दाखवला. "वीस मिनिटं. शिटी वाजली की वर. मी इथून हलणार नाही."

पातळी कमरेपर्यंत आली होती. एकेक पायरी उतरताना काहीच जाणवत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. पाणी असतं तर पाय ओले झाले असते. मुखवट्यात माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. खोली रिकामी होती. चारी कोपरे मला दिसत होते. साबणाची बाटली आडवी पडली होती.

मी डाव्या कोपऱ्यापाशी गेले आणि तो बसला होता तशी उकिडवी बसले.

समोर भिंत. भिंतीवर माझी सावली. दुसरं काही नाही.

लहानपणी त्याला सारखा ताप यायचा. आई नव्हती, मला तेव्हा काही कळत नव्हतं. तो झोपला की मी त्याच्या नाकाखाली तळहात धरून बसायची, श्वास चालतोय ना बघायला. दोन तोकडे श्वास आणि एक लांब. जन्माचीच ढब ती त्याची. मोठा झाला तरी झोपेत तसाच. जगात दुसऱ्या कुणाचा श्वास मी ओळखणार नाही, पण तो ओळखेन.

मी हातमोजा काढला. तळहात जिभेनं ओला करता येईना, मुखवटा होता, म्हणून कपाळावरच्या घामावरून फिरवला आणि समोर धरला.

थंडगार हवा.

मी हात थोडा डावीकडे नेला.

ऊब लागली.

एक तोकडा. दुसरा तोकडा. मग लांब.

"धाकट्या," मी म्हटलं. मुखवट्यातून आवाज बाहेर गेला की नाही कोण जाणे.

ऊब थांबली. श्वास रोखून धरावा तशी. आणि मग भराभर यायला लागली, तोकडी, तोकडी, तोकडी, रडताना लहान मुलाचा येतो तसा श्वास.

मी दोन्ही हातांनी कवळलं. हातात काही आलं नाही. पुन्हा कवळलं. नुसती हवा. मी भिंत चाचपली, जमीन चाचपली, नखं मोडली.

"चल ना रे, चल माझ्याबरोबर, उठ."

आणि माझ्या मानेवर, मागून, दुसरा एक श्वास पडला.

तो संथ होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

नळकांड्याची शिटी वाजायला लागली. वरून काका ओरडत होते. मी त्या ऊबेत हात तसाच धरून बसले. शिटी वाजत राहिली. मुखवट्यातली हवा जड झाली.

मी उठले.

मला मरायचं नव्हतं. एवढंच. बाकी काही कारण देता येणार नाही.

वर आल्यावर काकांनी मुखवटा काढला, पाणी दिलं. मी उन्हात बसून हमसून हमसून रडले, ते त्यांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

पुढच्या आठवडाभर मी रोज दोनदा उतरले. रोज हात धरला. रोज तो तिथे होता, आणि रोज तो अंधुक होत चालला होता. आधी ऊब मनगटापर्यंत लागायची, मग नुसती बोटांना. मी त्याच्याशी बोलायची. घरातलं सांगायची, शेजारणीच्या भांडणांचं सांगायची. घरी परत यावं तर टेबलाशी तो दुसरा बसलेला, पुढ्यात ग्लास, तोंडात नळी. रोज नवी निवळी मागायचा. वागायला चांगला होता. भांडी घासायचा, माझा चहा करून ठेवायचा, साखर बरोबर घालायचा. माझ्या भावाला कधी जन्मात एवढं सुचलं नव्हतं. मी एकदा दुपारी त्याच्या नाकाखाली हात धरून पाहिला. वारा यायचा, पंख्यासारखा, गार.

मंगळवारी मी त्याला विचारलंच. "माझ्या भावाला सोडशील का?"

तो कपबशी पुसत होता. त्यानं ती नीट फळीवर ठेवली. "मी आहे ना," तो म्हणाला, आणि इतक्या मायेनं म्हणाला, की मला त्याचा राग येईना. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

शुक्रवारी मी कामावरून आले. तो आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. टेबलावर ग्लास होता. ग्लासातलं पाणी पांढरं होतं. गढूळ नाही, किंचित नाही, चांगलं दुधासारखं.

मी चपला काढायच्या विसरले. तशीच जाऊन त्याच्या नाकाखाली तळहात धरला.

ऊब.

दोन तोकडे. एक लांब.

"आता बरोबर आहे ना, ताई?" तो डोळे न उघडता म्हणाला.

मी खाली बसले आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला. मला त्या हाताखालून उठवेना.

शनिवारी सकाळी भरावाचे दोन ट्रक तळघराच्या तोंडाशी लागले होते. मालक आले होते, त्यांच्या हातात कागद. मी शेवटची मेणबत्ती सोडली. साखळी मोजपट्टीला लावली, एकदा, दोनदा. आदल्या दिवसापेक्षा पातळी वाढली होती. चार बोटं नाही. दोन.

खाली अजून एक जण श्वास घेत होता. तो संथ श्वासवाला, की तापात माझ्या हातावर झोपणारा, हे उतरून हात धरला असता तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. मुखवटा खुंटीवर टांगलेला होता, नळकांडं भरलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि जागची हलले नाही. मला माझा भाऊ घरी हवा होता. कुठूनही, कसाही.

काका जवळ आले. चांगला कान माझ्याकडे केला.

"मोजलंत, बाई?"

"हो."

"किती?"

तेवीस वर्षांत मी कधी आकडा खोटा सांगितला नव्हता.

"काही नाही, काका," मी म्हटलं, "रिकामं आहे," आणि मालकांकडून पेन मागून घेतलं.